तणनाशक न वापरता बागेतले तण आटोक्यात ठेवण्यासाठी

खुरपणीला बसण्याआधी एक तण मुळासकट उपटून पाहा. नुसती तंतुमुळे किंवा एकच सोटमूळ निघाले, तर ते बियांपासून उगवलेले आहे. घोळ, काटेमाठ, गाजरगवत ही त्यातली. जमिनीत काळपट गाठी सापडल्या तर लव्हाळा, आणि पेरापेराला मुळे फुटलेली लांब कांडी आली तर हरळी. बहुतेकांचे कष्ट वाया जातात ते बियांचे तण आणि गाठी-कांड्यांतून फुटणारे तण या दोन्ही प्रकारांना एकच उपाय केल्यामुळे.

बियांचे तण

बारीक बी वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीतूनच उगवते आणि त्यातल्या पुष्कळ जातींना उजेड लागतो. म्हणून तण दिसले की खोल खणू नका. खणल्याने खाली गाडलेले बी वर येते. माती वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी असताना, कोवळ्या रोपांना दोन-चार पाने असतानाच, खुरप्याने वरवर खरवडा आणि उन्हात सुकू द्या. घोळ मात्र वाफ्यात टाकून ठेवू नका, ओल मिळाली की तिच्या खोडाला पुन्हा मुळे फुटतात. गाजरगवत फुलण्याआधी आणि हातमोजे घालूनच उपटा, त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते.

नवा वाफा करताना घाई नको. माती तयार करून पाणी द्या, 10 ते 14 दिवस थांबा, उगवलेले तण खरवडा आणि माती न उलटता पेरणी करा. एवढ्याने पुढची खुरपणी बरीच कमी होते.

आच्छादन

वाळलेला पालापाचोळा किंवा पेंढा 5 ते 8 सेंटिमीटर जाड पसरा. थर पातळ झाला तर उजेड पोचतो. 10 सेंटिमीटरच्या वर गेला तर हलके पाणी वरच अडते. खोडाभोवती 5 सेंटिमीटर जागा मोकळी हवी, नाहीतर बुंधा कुजतो. हिरव्या गवताचा जाड थर तापतो व चिकट होतो, ते आधी वाळवा. बी धरलेले गवत घेऊच नका. खाली वर्तमानपत्राचे 6 ते 8 थर, कडा 15 सेंटिमीटर एकमेकांवर चढवून आणि भिजवून घातले तर आच्छादन जास्त टिकते. लाकडाचा भुसा वर चालतो, मातीत मिसळू नका. कुजताना तो नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात.

लव्हाळा आणि हरळी

येथे चिकाटी लागते. लव्हाळ्याचा शेंडा तोडला की गाठ पुन्हा फुटते, आणि त्याचे टोकदार कोंब कागदच काय, पातळ प्लास्टिकही भेदतात. कुदळीने 20 ते 25 सेंटिमीटर माती सैल करून गाठी हाताने वेचा. राहिलेल्या गाठींचे कोंब दर दोन आठवड्यांनी काढत राहा; पाने वाढू दिली तर नव्या गाठी धरतात. हरळी कोरड्या मातीत उकरा आणि कांड्या कडकडीत होईपर्यंत उन्हात वाळवा. तिचे तुकडे करू नका, प्रत्येक पेर नवे रोप होते. दोन्हींना सावली सोसत नाही, तेव्हा साफ केलेल्या जागी दाट पसरणारी झाडे लावा.

कडक उन्हाच्या दिवसांत ओल्या, सपाट मातीवर 25 ते 50 मायक्रॉनचे पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडल्या, की 4 ते 6 आठवड्यांत वरच्या थरातले बरेचसे बी मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठी यातून वाचतात.

मीठ वापरू नका, मातीच नापीक होते. व्हिनेगरने कोवळी पाने जळतात, मुळे राहतात. उकळते पाणी फक्त फरशीच्या फटींत, झाडांपासून दूर ओता.

तण पुष्कळदा शेणखतातूनच येते. नवे खत कुंडीत भरून दोन आठवडे ओलसर ठेवा आणि काय उगवते ते पाहा. आमच्याकडून नेलेल्या खताचीही ही चाचणी जरूर करा.