कोवळा मुळा, जून मुळा: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मुळा खाण्याच्या लायकीचा आहे की नाही, यावर घरोघरी दोन तट असतात. एकाला मुळ्याच्या कोशिंबिरीशिवाय हिवाळ्यातले जेवण पुरे झाल्यासारखे वाटत नाही, तर दुसरा नुसत्या वासानेच पान सरकवतो. हा मतभेद निदान दोन हजार वर्षांचा आहे, आणि जुने उल्लेख नीट वाचले तर दोन्ही पक्ष बहुधा वेगवेगळ्या मुळ्यांबद्दल बोलत असल्याचे दिसते.

इजिप्तमधील मोठ्या पिरॅमिडवर मजुरांसाठी मुळे, कांदे आणि लसूण यांवर झालेला खर्च कोरलेला आहे, असे आपल्याला दुभाष्याने सांगितल्याचे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नोंदवतो. दुभाष्यावर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न निराळा. परंतु मुळा हे कष्टकऱ्यांचे अन्न आहे, ही समजूत तेव्हाही होती एवढे त्यावरून कळते. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याच्याकडे तर दोन्ही टोके एकत्र सापडतात. डेल्फीच्या अपोलो मंदिरात मुळ्याची प्रतिकृती सोन्याची, बीटची चांदीची आणि सलगमची शिशाची होती, असे तो सांगतो आणि त्याच ओघात मुळा हे प्रतिष्ठिताला न शोभणारे, वात व ढेकर आणणारे अन्न असल्याचेही बजावतो. अर्धवट पिकलेले ऑलिव्ह सोबत खाल्ले तर ढेकरांचा वास कमी होतो, हा त्याचा तोडगा पाहता तो स्वतः मुळा खातच नसेल, असे मात्र वाटत नाही.

या वादाचा खरा उलगडा चरकसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात आहे. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मुळ्याला सरसकट बरे किंवा वाईट न ठरवता त्याच्या अवस्थेनुसार गुण सांगितले आहेत: कोवळा मुळा दोष हरण करणारा, जून झालेला वात, पित्त व कफ हे तिन्ही दोष वाढवणारा, स्नेहात म्हणजे तेला-तुपात शिजवलेला वात कमी करणारा, आणि वाळवलेला कफ व वात जिंकणारा. एका श्लोकात इतकी व्यवहारी पाकसूचना क्वचितच सापडते. मुळा खाल्ल्यावर दूध पिऊ नये, हा नियमही चरकाचाच. आपल्या कोशिंबिरीतले दही त्या नियमात येत नाही. माघात मुळा वर्ज्य मानण्याची रूढी धार्मिक खरी, पण थंडीत पेरलेला मुळा शेतात राहिला तर साधारण याच सुमारास त्याला दांडा फुटू लागतो आणि कंद आतून धागेदार व पोचट होतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

तिखटपणाचे कारण आज स्पष्ट झाले आहे. मुळा मोहरीच्या कुळातला. त्याच्या पेशींमध्ये ग्लुकोसिनोलेट ही गंधकयुक्त संयुगे आणि ती फोडणारे मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळे साठवलेले असतात. किसताना किंवा चावताना पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि नाकात जाणारा झणझणीतपणा तयार होतो. तो सालीजवळ अधिक असतो, म्हणून साल काढलेला मुळा सौम्य लागतो. आणि उष्णतेने विकर निष्क्रिय होत असल्यामुळे शिजवलेला मुळा गोडसर होतो. ज्यांना कच्चा मुळा सोसत नाही त्यांनी सांबारातला किंवा हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजवलेला मुळा खाऊन मगच मत बनवावे.

पोषणाच्या दृष्टीने कंदाचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही. त्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते, १०० ग्रॅममध्ये जेमतेम १६ कॅलरी आणि साधारण १५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. कॅल्शियम आणि बीटा कॅरोटीन यांत पाला कंदाहून पुष्कळ सरस आहे, आणि बाजारात नेमका तोच खुडून टाकायला सांगितला जातो. मराठी स्वयंपाकाने मात्र या रोपाचे काहीच वाया घालवलेले नाही. पाल्याची मूगडाळ घालून किंवा पीठ पेरून भाजी होते. किसाचा, भिजवून वाटलेली हरभरा डाळ, लिंबू आणि हिंग-मोहरीची फोडणी घालून चटका होतो. मीठ लावल्यावर सुटलेले पाणी थालीपिठाच्या पिठात जिरवता येते. आणि दांडा फुटून शेंगा धरल्या की त्या डिंगऱ्यांची भाजी होते, म्हणजे कंद निकामी झाल्यावरही रोप उपयोगी पडते.

विसाव्या शतकात या ऋतुचक्रात बदल झाला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने उन्हाळ्या-पावसाळ्यातही येणारा, ४० ते ४५ दिवसांत तयार होणारा ‘पुसा चेतकी’ हा वाण दिला आणि मुळा जवळपास बारमाही झाला. सोय झाली, पण उष्ण हवेत वाढलेला मुळा अधिक तिखट होतो आणि काढणीला थोडा जरी उशीर झाला तरी लवकर पोकळ पडतो. त्यामुळे मे महिन्यात घेतलेल्या मुळ्यावरून त्याच्याविषयी मत बनवणाऱ्याची नाराजी समजण्यासारखी आहे. त्याने मार्गशीर्षातला, हाताला जड लागणारा, नखाने सहज टोचला जाणारा आणि पाला ताजा असलेला मध्यम मुळा निवडावा, आणि किसून मीठ-दह्यात कालवल्यावर लगेच वाढावा. तासभर ठेवलेल्या कोशिंबिरीला पाणी सुटते आणि वास उग्र होतो.