तेरडा : परसबागेतील लागवड

तेरडा (शास्त्रीय नाव : इंपेशन्स बाल्समिना, कुल : बाल्समिनेसी) ही मूळची भारत व म्यानमारमधली, एका पावसाळ्यात जीवनक्रम पुरा करणारी ओषधी, म्हणजे मऊ खोडाची वनस्पती. सह्याद्रीच्या उतारांवर आणि बांधांवर श्रावण-भाद्रपदात ती गुलाबी, जांभळट वा पांढऱ्या फुलांनी बहरते. कोकणात तेरड्याची गौर बसवतात. परागवाहक कीटकांसाठी अंगणात देशी रानफूल लावायचे, तर सुरुवात तेरड्यापासून करावी.

त्याच्या फुलाचे एक निदल (पाकळ्यांबाहेरचे दल) मागे निमुळते होत बारीक, वाकड्या नळीत संपते आणि मध असतो तो या नळीत. लांब सोंडेच्या माश्या व फुलपाखरे तिथवर सहज पोचतात. माशी आत शिरली की वर टोपीसारखे एकत्र जुळलेले पाच पुंकेसर (पराग देणारे नर भाग) तिच्या पाठीला पराग माखतात. पुढे ही टोपी गळून पडते, तेव्हा कुठे किंजल्क, म्हणजे पराग स्वीकारणारे मादी टोक, उघडा होतो. म्हणजे फूल आधी नर, मग मादी. त्याच फुलाचा पराग त्यालाच लागणे त्यामुळे टळते. शोभेच्या भरगच्च, दुहेरी वाणांत पुष्कळदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. दिसायला ते देखणे, पण माशीच्या पदरी फारसे काही पडत नाही. म्हणून बी साध्या, एकेरी फुलाचेच घ्यावे, शक्यतो आपल्याच परिसरातले.

पहिल्या पावसानंतर भुसभुशीत मातीवर बी फेकून वरून मातीचा अगदी पातळ थर द्यावा. रोपांत वीतभर अंतर ठेवून बाकीची विरळावी. पाणी साचले तर रसरशीत खोड कुजते. एवढे सांभाळले की दोनेक महिन्यांत फुले येतात. खताचे फार लाड नकोत.

बी गोळा करताना मात्र घाई चालत नाही. पिकत आलेल्या लवदार बोंडाला बोट लागताच त्याच्या पाच फाका झटकन आत वळतात आणि बी दूर उडते. त्यामुळे बोंड आधी मुठीत धरून मगच दाबावे. काही बोंडे झाडावरच राहू दिली, तर पुढच्या वर्षी रोपे आपोआप उगवतात. जूनमधल्या निंदणीत तण समजून ती उपटू नयेत.

शेपटीवर काटा आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेला सुरवंट पाने खाताना दिसला, तरी फवारणी करू नये. तो हॉकमॉथ पतंगाचा असतो, आणि मोठेपणी हा पतंगही फुलांवरच येतो.