कर्करोगजन्य क्षीणता

शरीरात कर्करोग असताना हाडांना जोडलेल्या स्नायूंचे वस्तुमान सतत घटत जाणे, त्यासोबत कधी चरबीही झडणे आणि नेहमीचा आहार वाढवूनही ही घट पूर्णपणे भरून न येणे, या अवस्थेला कर्करोगजन्य क्षीणता म्हणतात. वैद्यकात तिला ‘कॅकेक्सिया’ हे नाव रूढ असून ते ‘वाईट’ आणि ‘स्थिती’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. सांगली-सातारा भागात तिच्यासाठी ‘खंगणे’, ‘वाळत जाणे’, ‘अंग झडणे’, ‘अंगावरचे मांस उतरणे’ असे शब्द बोलण्यात येतात. त्यांपैकी शेवटचा शास्त्रदृष्ट्याही सर्वांत नेमका आहे, कारण या विकारात मुख्यतः जाते ते मांसच, म्हणजे स्नायू. प्रगत कर्करोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये ही अवस्था आढळते आणि कर्करोगाने होणाऱ्या सुमारे २० टक्के मृत्यूंना ती थेट कारणीभूत असते, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. स्वादुपिंड, जठर, अन्ननलिका, फुप्फुस आणि तोंड-घसा यांच्या कर्करोगांत तिचे प्रमाण जास्त, तर स्तनाच्या व पुरस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगात तुलनेने कमी असते.

खंगणारा माणूस म्हणजे क्षयाचा रोगी, हे समीकरण या भागात फार काळ रूढ होते. त्याला कारणही होते. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशनच्या रुग्णालयापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी हे नावच तेथील क्षयरोग आरोग्यधामामुळे लोकांच्या तोंडी बसले. आता मिरज, सांगली आणि कऱ्हाड येथे कर्करोगाच्या उपचारांसाठी कर्नाटकच्या सीमाभागातूनही रुग्ण येतात, आणि त्यांत तंबाखू व मिश्रीमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण नेहमी दिसतात. अशा रुग्णात क्षीणतेचे निदान अवघड होते, कारण जबडा उघडत नाही आणि घास गिळवत नाही म्हणून होणारी उपासमार व रोगामुळे होणारी क्षीणता या दोन्ही गोष्टी एकाच शरीरात एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्यांतला फरक मात्र मूलभूत आहे. उपाशी शरीर काटकसर करते. ते आपला खर्च कमी करते, आधी चरबी जाळते, स्नायू शक्य तितका राखते आणि अन्न मिळताच सावरते. क्षीणतेत याच्या उलट, शरीराचा खर्च पुष्कळदा वाढलेला असतो आणि चरबी शिल्लक असतानाही स्नायू मोडीत काढला जातो.

२०११ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने एकमताने ठरवलेल्या निकषांनुसार, उपासमार नसताना सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले तर क्षीणता आहे असे मानतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलोहून अधिक वजन उतरणे पुरेसे ठरते. उंचीच्या मानाने वजन आधीच कमी असेल, म्हणजे शरीर-वस्तुमान निर्देशांक २० च्या खाली असेल, किंवा स्नायू मुळातच कमी असतील, तर २ टक्क्यांहून अधिक घटही पुरते. याच गटाने पूर्वक्षीणता, क्षीणता आणि उपचारांना दाद न देणारी क्षीणता अशा तीन पायऱ्या सांगितल्या. प्रत्यक्षात मात्र वजनकाट्याच्या आधी घरातल्या वस्तूच ही घट सांगतात. एके काळी साबण लावून चढवाव्या लागणाऱ्या बांगड्या हात वर करताच कोपरापर्यंत घसरतात, झंपराच्या बाह्या दंडावर सैल लोंबतात, पट्ट्याला खिळ्याने नवे भोक पाडावे लागते. कानशिलांपाशी खळगे पडतात, गळ्याची हाडे वर येतात आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधला मांसल उंचवटा सपाट होतो. जमिनीवर बसलेल्या माणसाला हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. काटा फसवूही शकतो, कारण पोटात किंवा पायांत पाणी साठले की वजन स्थिर दिसते आणि आत स्नायू वितळत असतात. लठ्ठ रुग्णात तर ही झीज चरबीखाली झाकली जाते. म्हणून सीटी स्कॅनवर कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायूंचे क्षेत्रफळ मोजतात, तसेच मुठीची पकड यंत्राने मोजतात.

स्नायू हा स्थिर साठा नाही. त्यातील प्रथिने रोज बनतात आणि रोज मोडतात, आणि या दोन गतींचा मेळ बसला की अंग जागच्या जागी राहते. क्षीणतेत मोडण्याची गती वाढते व बांधण्याची मंदावते. मोडायच्या प्रथिनावर पेशी युबिक्विटिन नावाच्या लहान प्रथिनाची खूण लावते आणि खूण लागलेले प्रथिन प्रोटिआसोम या यंत्रणेत तुकडे होऊन संपते. या शोधासाठी २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. स्नायूंमध्ये ही खूण लावणारी अॅट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही दोन विकरे (एन्झाइम) २००१ मध्ये ओळखली गेली. २००४ मध्ये संशोधिका स्वर्णाली आचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ही मोडतोड सरसकट नसते: स्नायूच्या आकुंचनाला बळ देणारे मायोसिन हे प्रथिन त्यात निवडून लक्ष्य केले जाते. रुग्णाची ताकद पुष्कळदा त्याच्या वजनापेक्षा वेगाने का उतरते, हे समजायला ही गोष्ट उपयोगी पडते.

या मोडतोडीची आज्ञा कुठून येते, हा प्रश्न जुना आहे. दाहकारक रेणू हे त्याचे एक उत्तर. १९८० च्या दशकात संशोधकांनी क्षीणता घडवणारा रेणू म्हणून ज्याला ‘कॅकेक्टिन’ म्हटले, तो आणि टीएनएफ-आल्फा हा रेणू एकच असल्याचे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. त्याच्या जोडीला इंटरल्यूकिन-१ व इंटरल्यूकिन-६ हे दाहकारक रेणू, तसेच स्नायूंची वाढ रोखणारे मायोस्टॅटिन व अॅक्टिव्हिन हेही कामाला लागतात. भूक मरण्यामागे जीडीएफ-१५ या रेणूचाही वाटा असतो. त्याचा ग्राही, म्हणजे तो ज्याला जोडला जाऊन काम करतो ते प्रथिन, मेंदूच्या तळाकडील भागात असल्याचे २०१७ मध्ये कळले, आणि त्यामुळे ‘मनावर घेत नाही म्हणून जेवत नाही’ हा रुग्णावर सर्रास येणारा आरोप निराधार ठरला. याखेरीज गाठ ग्लुकोज वापरून लॅक्टेट बाहेर टाकते, यकृत ऊर्जा खर्चून त्याचे पुन्हा ग्लुकोज बनवते आणि ते ग्लुकोज परत गाठीकडे जाते, असा तोट्याचा फेराही चालू राहतो.

कर्करोगाचा प्रसार आणि स्नायू यांचे नाते यापुढे अधिक चमत्कारिक होते. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून असे मांडले की कर्कपेशी बियांप्रमाणे सगळीकडे विखुरतात, पण रुजतात ते मानवणाऱ्या जमिनीतच. कृष्णाकाठच्या काळ्या रानात जे बी तरारते तेच जत-आटपाडीच्या मुरमाडात करपते, हे माहीत असलेल्या वाचकाला या सिद्धांताचे निराळे स्पष्टीकरण लागणार नाही. यकृत, फुप्फुस, हाडे आणि मेंदू या रोगाच्या सुपीक जमिनी. स्नायू शरीराच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग व्यापतो, त्याला रक्तपुरवठाही भरपूर असतो, तरीही त्यात दुय्यम गाठ क्वचितच आढळते. कर्कपेशी तेथे पोहोचत नाहीत असे नाही. पोहोचतात, पण वाढत नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात याचे एक कारण पुढे आले: स्नायूतील ऑक्सिडीकारक ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या क्रियाशील रेणूंचा मारा, या पेशींना सोसवत नाही.

जो स्नायू गाठीला आपल्यात थारा देत नाही, तोच दूरच्या गाठींच्या हुकमाने वितळतो. या विसंगतीवर प्रकाश टाकणारे काम आचार्य यांच्या कोलंबिया विद्यापीठातील गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. प्रसार झालेल्या कर्करोगात स्नायूंमध्ये झिप-१४ या जस्तवाहक प्रथिनाचे प्रमाण वाढते, आणि ते वाढवण्यात टीएनएफ-आल्फा व टीजीएफ-बीटा या संदेशवाहक रेणूंचा हात असतो, असे त्यांना दिसले. या वाहकामार्फत स्नायुपेशीत जस्त वाजवीपेक्षा जास्त शिरते. नव्या स्नायुपेशी घडवणाऱ्या पूर्वजपेशींमध्ये ते परिपक्वतेचा मार्ग अडवते, तर तयार स्नायूत मायोसिनची हानी करते. म्हणजे एकाच वाटेने डागडुजी थांबते आणि पडझडही वाढते. उंदरांत स्नायूतील झिप-१४ काढून टाकले असता ही झीज कमी झाली. जस्त अंगाला हवेच, पण या निष्कर्षानंतर ‘ताकदीसाठी’ म्हणून कर्करुग्णाला जस्ताच्या गोळ्या मनानेच सुरू करण्याला आधार उरत नाही. याच संशोधिकेच्या सहभागाने २०१२ मध्ये आलेल्या स्तनाच्या कर्करोगावरील अभ्यासात, केमोथेरपीनंतर आसपासच्या निरोगी पेशींतून वाढणारा टीएनएफ-आल्फा उरलेल्या कर्कपेशींना तगायला आणि पसरायला मदत करतो असे आढळले होते. प्रसार आणि क्षीणता या दोन प्रश्नांच्या मुळाशी तोच रेणू पुन्हा भेटतो.

स्नायू वाचवल्याने आयुष्य वाढते का, याचे लक्षणीय उत्तर २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगातून मिळाले. मायोस्टॅटिन व अॅक्टिव्हिन यांचा मार्ग रोखल्यावर गाठ तशीच वाढत राहिली, तरी स्नायू परत आले, हृदयाची झीज भरून निघाली आणि प्राणी अधिक काळ जगले. माणसात इतके सरळ यश अद्याप आलेले नाही. मेजेस्ट्रॉल या संप्रेरकासारख्या औषधाने भूक व वजन वाढते, पण वाढते ती बहुतांशी चरबी व पाणी, शिवाय रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो. जपानमध्ये २०२१ मध्ये मान्यता मिळालेल्या अॅनामोरेलिन या औषधाने चरबीविरहित वस्तुमान वाढले, तरी चाचण्यांत मुठीची पकड सुधारली नाही. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ओलान्झापिन या जुन्या व स्वस्त औषधाची रोज अडीच मिलिग्रॅम मात्रा केमोथेरपीसोबत दिली असता ६० टक्के रुग्णांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक वाढले. औषधाविना हे प्रमाण ९ टक्के होते. जीडीएफ-१५ ला निष्प्रभ करणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या प्रतिपिंडाच्या २०२४ मधील चाचणीत, १८७ रुग्णांपैकी सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांचे वजन बारा आठवड्यांत तुलनेच्या गटापेक्षा सरासरी २.८१ किलोने जास्त भरले.

आहारात रोज प्रति किलो वजनामागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि २५ ते ३० किलोकॅलरी ऊर्जा हे मार्गदर्शक प्रमाण आहे. मटकीची उसळ, अंडी, दूध, पिठले, शेंगदाण्याचा कूट हे पदार्थ या प्रमाणाला पुरे पडतात, आणि गिळता येत नसेल तर मुगाचे कढण किंवा नाकातून घातलेली नळी उपयोगी येते. याउलट ‘ताकदीचे सलाईन’ हा या भागातही रूढ असलेला गैरसमज आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभरहून कमी किलोकॅलरी असतात; एका ज्वारीच्या भाकरीचीही बरोबरी ती करू शकत नाही, आणि प्रथिन तर तिच्यात नसतेच. खुराक आणि मेहनत यांची जोडी लागते हे तालमीतल्या पैलवानाला सांगावे लागत नाही. रुग्णालाही नुसत्या खुराकाने स्नायू मिळत नाही, म्हणून झेपेल तितके चालणे, खुर्चीतून उठबस करणे आणि हलकी वजने उचलणे उपचारातच धरले जाते.

उपचारांना दाद न देणाऱ्या अखेरच्या टप्प्यात हे सारे गणित बदलते. तेव्हा शरीर अन्न वापरू शकत नाही. बळेच भरवलेल्या घासाने स्नायू वाढत नाही, मळमळ, ठसका आणि पोटफुगी मात्र वाढते. अशा वेळी घरच्यांनी ताट पुढे करण्याऐवजी मागेल तेव्हा दोन चमचे पेज द्यावी, सुकलेले तोंड ओल्या फडक्याने वरचेवर पुसावे आणि ओठांना साय किंवा तूप लावावे, असे परिचारिका सांगतात.