बुरशी असून ‘जिवाणू खत’: मायकोरायझाच्या नावामागची पार्श्वभूमी

पुरंदरचा अंजीर-सीताफळ उत्पादक असो की नारायणगावचा द्राक्षबागायतदार, कृषी सेवा केंद्रात तो ‘व्हॅम’ मागतो, म्हणजे झाडाच्या मुळांत राहून त्याला अन्नद्रव्य पुरवणारी मायकोरायझा ही बुरशी. हे नाव अभ्यासकांनी केव्हाच सोडले. त्यातला ‘व्ही’ मुळाच्या आत तयार होणाऱ्या फुगीर पिशव्यांचा. पण या गटातल्या काही बुरशी तशा पिशव्या करतच नाहीत, म्हणून तो गळाला आणि ‘एएम’ (आर्बस्क्युलर मायकोरायझा) उरले. बाजारात व्हॅमच रुळले आहे आणि त्याने कुणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते ‘जिवाणू खत’ या दुसऱ्या नावाने.

‘मायकोरायझा’ हा शब्द १८८५ चा, जर्मनीतला. फळझाडांच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा १९५७ चा: इंग्लंडमध्ये ही बुरशी दिलेली सफरचंदाची रोपे न दिलेल्यांपेक्षा जोमाने वाढल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेतल्या लिंबूवर्गीय रोपवाटिकांत रोग जावा म्हणून माती धुरी देऊन निर्जंतुक केली, तर रोपेच खुरटली. त्यांना स्फुरद (फॉस्फरस) मिळेना, कारण तो आणून देणारी बुरशीही धुरीत मेली होती. १९७२ मध्ये हा उलगडा झाला. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद असतो, पण चुन्याशी बांधलेला. मुळाच्या केसापेक्षाही बारीक तंतू मुळापासून दूरवर पसरून तो गोळा करतात. बदल्यात झाड बुरशीला पोसते.

आता नावाचा गुंता. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ मध्ये जैविक खते आली, तेव्हा यादीत रायझोबियम, अझोटोबॅक्टर, अझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे, असे सगळे जिवाणूच होते. मायकोरायझा नंतरच्या दुरुस्तीत त्यांच्याच रांगेत बसवला गेला आणि बुरशी असून ‘जिवाणू खत’ ठरला. या निर्णयाचा फायदा झाला, हे मान्य केले पाहिजे. ग्रॅमला किमान १०० जिवंत प्रॉपग्यूल (ज्यापासून बुरशी नव्याने वाढू शकते असे कण) असा मापदंड आला. त्याआधी पुड्यात काय आहे हे विचारायची सोयच नव्हती. पण प्रॉपग्यूल म्हणजे केवळ बीजाणू नव्हे, तंतूंचे आणि बाधित मुळांचे तुकडेही त्यात येतात, ही गोष्ट बांधावर पोहोचलीच नाही.

पोहोचला तो ‘खत’ हा शब्द. मग वापरही खतासारखाच झाला. डीएपी या स्फुरदयुक्त रासायनिक खताच्या भरघोस डोसासोबत मायकोरायझा पडू लागला; वास्तविक आयता स्फुरद भरपूर मिळाला की झाड बुरशीला मुळांत फारसे शिरू देत नाही. ट्रायकोडर्मा या रोगांविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या बुरशीसारखे गूळ घालून २०० लिटरच्या टाकीत ‘वाढवण्याचे’ प्रयोगही झाले. ट्रायकोडर्मा गुळावर वाढतो, मायकोरायझा नाही; त्याला जिवंत मूळच लागते, म्हणून तर तो मका-ज्वारीच्या मुळांवर किंवा प्रयोगशाळेत गाजराच्या मुळांवर तयार करतात. गंमत नव्हे, दुर्दैव असे की ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायद्याखाली आणि मायकोरायझा खतांखाली, त्यामुळे दोन्ही बुरशी आहेत हेच विसरले जाते. मर रोगासाठी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली (द्रावण मुळाशी ओतले), तर ती मायकोरायझालाही दाबते. ‘जिवाणू’ समजून बसलेल्याला ही शंका येणार कशी?

फळाचा गोडवा, रंग, टिकाऊपणा यांचे दावे पुड्यावर ठळक असतात. त्यांचे पुरावे पीक, वाण आणि जमीन बदलली की बदलतात. रोपाच्या वाढीचे पुरावे त्यांच्यापेक्षा कितीतरी भक्कम आहेत. म्हणूनच माझ्या मते हे काम बागेपेक्षा रोपवाटिकेचे. ऊतिसंवर्धित केळी किंवा डाळिंबाची रोपे प्रयोगशाळेतून येतात तेव्हा त्यांच्या मुळावर कोणतीच बुरशी नसते. हार्डनिंगच्या वेळी, म्हणजे रोपे बाहेरच्या हवेला सरावताना, पिशवीत पांढऱ्या मुळीला थेट लागेल असा मायकोरायझा द्यायला तीच वेळ सर्वांत योग्य. अंजिराच्या छाट कलमांना आणि द्राक्षाच्या डॉगरिज या खुंटाच्या रोपांनाही हेच लागू आहे. दहा वर्षांच्या बागेत वाफ्यावर भुकटी फेकून तो मुळापर्यंत जात नाही, आणि आधीपासून तिथे असलेल्या स्थानिक बुरशींशी त्याला जागेसाठी झगडावे लागते ते वेगळेच.