पार्श्वभूमी : तारामतीचा नट आणि कॅमेऱ्याचं हँडल

नाटकाची तालीम आटोपून लग्नसराईत कॅमेरा सांभाळणारे नट आज नाशिकमध्ये कमी नाहीत. ही दोन्ही कामं एकाच माणसाने करायची, याला या शहरात शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्याच्या मुळाशी आहे दादासाहेब फाळके दिग्दर्शित ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती झालेला नट, अण्णा साळुंके. ‘भारतीय पडद्यावरची पहिली नायिका’ एवढ्यावरच त्याची ओळख आटोपते. खरं तर त्याने अभिनय केला तो मोजक्या चित्रपटांत. छायालेखन मात्र तीसहून अधिक चित्रपटांचं केलं.

मुंबईत ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात तो महिना १० रुपयांवर आचारी होता. नाजूक चेहरा आणि सडपातळ हात पाहून दिग्दर्शकाने त्याला १५ रुपये देऊ केले. पहिला चित्रपट झाला आणि दिग्दर्शकाने बिऱ्हाड नाशिकला हलवलं. गोदेचे घाट, देवळं, आसपासचे डोंगर आणि उघड्यावर भरपूर ऊन, पौराणिक चित्रपटाला आणखी काय हवं?

वाद आहे तो पुढच्या एका निर्णयाचा. नाशिकमध्येच तयार झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये नाटक कंपनीतल्या मायलेकींनी भूमिका केल्या होत्या. म्हणजे स्त्रिया पडद्यावर १९१३ मध्येच आल्या होत्या. तरीही १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये सीता झाला तो हाच नट, आणि रामही तोच. या निर्णयाच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. संगीत नाटकाचा प्रेक्षक तेव्हा पुरुषांच्या स्त्रीपार्टांवर जीव ओवाळून टाकत होता. मायलेकींचं खरं घर म्हणजे गावोगाव फिरणारी नाटक कंपनी, तर हा नट हाताशी असलेला, कामात मुरलेला. शिवाय सीता अशोकवनात आणि राम समुद्राच्या अलीकडे, त्यामुळे दोघं एका चौकटीत दाखवायची अडचणही फारशी नव्हती. हे सगळं मान्य करूनही मला हे पाऊल मागे पडलेलं वाटतं. चार वर्षांपूर्वी उघडलेलं दार सोयीसाठी पुन्हा लोटून घेतलं गेलं. ‘पहिली दुहेरी भूमिका’ म्हणून आपण या चित्रपटाचं कौतुक करतो आणि त्या कौतुकात हा प्रश्न बाजूला पडतो. यात नटाचा काही दोष नाही. लोकांनी त्याला राम आणि सीता अशा दोन्ही रूपांत डोक्यावर घेतलं, आणि तो त्या कौतुकाला पात्रच होता.

कॅमेऱ्यामागचं काम अंगमेहनतीचं होतं. मूकपटाचा कॅमेरा हाताने चालवायचा. सेकंदाला साधारण दोन फेरे, दर फेऱ्याला आठ चित्रं, असा हँडलचा हिशेब. हात मंदावला की पडद्यावर माणसं धावत सुटायची. हात वेगात गेला की तीच संथ व्हायची. नटाला श्वास घ्यायला, वळायला, नजर उचलायला किती वेळ लागतो, हे ज्याने स्वतः कॅमेऱ्यासमोर उभं राहून अनुभवलं आहे, त्याच्या हातात ते हँडल शोभून दिसतं.

१९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांसह फाळक्यांची नाशिकची चित्रपट कंपनी नव्याने उभी राहिली. पुढे दिग्दर्शकाचं भागीदारांशी बिनसलं, ते काशीला गेले आणि काही काळाने परतले. याच सुमारास आलेल्या ‘सत्यनारायण’ (१९२२) आणि ‘बुद्धदेव’ (१९२३) या चित्रपटांत या नटाने अभिनयही केला आणि छायालेखनही. १९३१ मध्ये बोलपट आला आणि त्याची कारकीर्द थांबली.

आता पांडवलेणीच्या पायथ्याशी दिग्दर्शकाचं स्मारक आहे, आणि इगतपुरी तालुक्यात चित्रनगरी व्हावी ही मागणी अधूनमधून पुढे येत राहिली. त्या चर्चेत १९१३ चा दाखला हमखास दिला जातो, पण छायालेखकाची आठवण क्वचितच निघते. याला एक कारण रिळांचंही आहे. नायट्रेटची फिल्म पटकन पेट घेते, नाही पेटली तरी कुजते. त्या काळातले बहुतेक मूकपट असेच गेले. त्यामुळे त्याने कॅमेऱ्यातून काय पाहिलं, हे आज बव्हंशी जुन्या चित्रपटसूचींतल्या नोंदींवरूनच शोधावं लागतं.