पेरोव्हस्काइट सौर घट : कार्यक्षमता व स्थैर्य

पेरोव्हस्काइट स्फटिकरचनेचे हॅलाइड (आयोडीन, ब्रोमीन यांसारख्या मूलद्रव्याचे) संयुग प्रकाशशोषक म्हणून वापरणारा तनुपटल (अतिशय पातळ थरांचा) सौर घट. गुस्टाफ रोझ यांनी १८३९ मध्ये उरल पर्वतातील ज्या कॅल्शियम टायटॅनेट खनिजाचे वर्णन केले, त्याचीच ही रचना. घटात मात्र ऑक्सिजनाऐवजी आयोडीन वा ब्रोमीन, टायटॅनियमाऐवजी शिसे आणि कॅल्शियमाऐवजी मिथिलअमोनियम, फॉर्मअमिडिनियम किंवा सीझियम असते.

आरंभ कोठून मोजावा याबाबत एकमत नाही. सीझियम-शिसे हॅलाइडांची रचना व प्रकाशसंवाहकता (प्रकाशात वीज वाहण्याचा गुण) क्रिस्टियन म्योलर यांनी १९५८ च्या सुमारास नोंदवली; मिथिलअमोनियमयुक्त संयुगे डीटर वेबर यांनी १९७८ मध्ये. सौर घटातील उपयोग त्सुतोमू मियासाका व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची कार्यक्षमता (प्रकाशऊर्जेपैकी विजेत रूपांतरित होणारा वाटा) ३.८ टक्के होती, पण विद्युत्-विच्छेद्यात (वीज वाहून नेणाऱ्या द्रवात) शोषक विरघळून घट लवकरच निकामी होई. २०१२ मध्ये नाम-ग्यू पार्क व मिखाएल ग्रेट्झेल यांनी, तसेच हेन्री स्नेथ यांच्या गटाने द्रवाऐवजी घन वाहक योजून १० टक्क्यांच्या आसपास मजल मारली. घट म्हणून २००९ हेच वर्ष धरणे सयुक्तिक. टिकाऊपणाचा विचार मात्र खऱ्या अर्थाने २०१२ नंतरचा.

शोषक थर जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीचा पुरतो. स्फटिकातील बरेचसे दोष विद्युत्‌भार अडकवून ठेवत नाहीत, म्हणून द्रावणातून घडवलेला थरही चांगला चालतो. उरलेली हानी मुख्यतः पृष्ठभागावर व थरांच्या सीमांवर होते. अमोनियम लवणांनी किंवा एकरेणवीय (एका रेणूइतक्या जाडीच्या) थरांनी तेथील दोष झाकल्यावर एकसंधी (एकच शोषक थर असलेल्या) घटांची प्रमाणित कार्यक्षमता २६ टक्क्यांपुढे गेली. हे आकडे बहुधा अगदी लहान क्षेत्रफळाच्या घटांचे आहेत, हे विसरू नये.

फॉर्मअमिडिनियम शिसे आयोडाइडाचे ऊर्जापट्ट-अंतर (इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास लागणारी किमान ऊर्जा), सुमारे १.४८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, जवळजवळ आदर्श आहे. परंतु त्याची काळी प्रावस्था (स्फटिकरूप) सामान्य तापमानाला हळूहळू पिवळी व निरुपयोगी होते, कारण फॉर्मअमिडिनियमाचा आयन (विद्युत्‌भारित कण) स्फटिकजाळीच्या पोकळीला किंचित मोठा पडतो. थोडे सीझियम मिसळल्यास काळी प्रावस्था टिकते. मिथिलअमोनियमानेही टिकते, पण ते उष्णतेने उडून जाते. ब्रोमाइड वाढवल्यास प्रकाशात आयोडीनबहुल व ब्रोमीनबहुल भाग वेगळे होतात. सिलिकॉनसह द्विसंधी (एकावर एक दोन शोषकांचा) घट बनवताना ही मोठी अडचण ठरते. तरीही लाँगी या चिनी कंपनीच्या अशा घटाने २०२४ मध्ये ३४.६ टक्के गाठले. मुंबईच्या आयआयटीतही द्विसंधी घटांवर संशोधन चालू आहे.

विद्युत्‌दाब चढवताना व उतरवताना या घटांतून विद्युत्‌प्रवाह वेगवेगळा मिळतो. याचे कारण काहींनी फेरोविद्युत् गुणधर्म (पदार्थातील आपोआप निर्माण होणारे, उलटवता येणारे विद्युत् ध्रुवीकरण), तर काहींनी भार अडकवणारे दोष असे मानले. आयनांचे स्थलांतर आणि सीमांवरील पुनःसंयोग (धन व ऋण भार पुन्हा एकत्र येऊन नष्ट होणे) हे स्पष्टीकरण प्रयोगांशी अधिक जुळते. ते मान्य केल्यास स्थैर्याचा प्रश्न केवळ आवरणाचा राहत नाही : काच व चिकटद्रव्य बाष्प आणि ऑक्सिजन अडवतात, आतले आयन नव्हेत. म्हणूनच ८५° से. व ८५ टक्के आर्द्रतेतील १,००० तासांची रूढ चाचणी पुरेशी नाही. उष्णता, प्रकाश व विद्युत्‌दाब एकत्र देऊन पाहणे आवश्यक आहे.

शिशाच्या विषारीपणामुळे कथिलाचा पर्याय सुचवला जातो. परंतु द्विसंयुजी कथिलाचे हवेत चटकन ऑक्सिडीकरण होत असल्याने असे घट कार्यक्षमता व आयुष्य या दोन्ही बाबतींत मागे आहेत.