वर्षभराचा हापूस रस आम्ही गोदामात कसा सांभाळतो
(दुकानदार, मिठाईवाले आणि केटरर ग्राहकांसाठी)

हापूसचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. एप्रिल-मे महिन्यांत आमचा बॉयलर दिवसरात्र चालू असतो आणि तेव्हा भरलेले डबे पुढच्या आंब्यापर्यंत पुरवायचे असतात. ऑक्टोबरात कोणी म्हणालं, "अजून शंभर खोके बनवून द्या," तर आंबाच नसतो.

"गोदामात तर खोके दिसतायत, मग माल नाही कसा?" असं बरेच जण विचारतात. समजा, मोजणीत 900 खोके निघाले. त्यातल्या 250 खोक्यांचं आगाऊ बुकिंग झालेलं असतं आणि 60 तपासणीत असतात. विकायला उरतात 590. आम्ही फोनवर सांगतो तो आकडा हा असतो.

तपासणी म्हणजे काय, तेही सांगतो. प्रत्येक बॅचमधले काही डबे 37 अंश सेल्सिअसला 14 दिवस ठेवतो. मग झाकणावर अंगठा दाबून पाहतो. चांगल्या डब्याचं झाकण किंचित आत बसलेलं असतं, दाबल्यावर हलत नाही. टक्‌ आवाज करत खालीवर झालं, तर आत वायू धरलाय असं समजून ती अख्खी बॅच थांबवतो. या 14 दिवसांत कोणी कितीही घाई केली तरी त्या बॅचचा माल आम्ही सोडत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून एक चूक झाली. नव्या हंगामाचा माल जुन्याच्या पुढे रचला गेला आणि मागच्या भिंतीलगतचे 40 खोके तसेच राहिले. सापडले तेव्हा मुदतीचे दोनच महिने उरले होते. वाईट वाटलं, कारण रस उत्तम होता. तेव्हापासून दोन रांगांमध्ये माणूस चालेल एवढी वाट ठेवतो. प्रत्येक थप्पीला कार्ड असतं: बॅच नंबर, खोक्यांची संख्या, मुदत. ज्याची मुदत आधी संपते, तो माल आधी बाहेर पडतो. त्यामुळे नवा माल आलेला असतानाही आपल्याला कधी गेल्या हंगामाचा डबा मिळेल. तोही मुदतीतलाच असतो.

कोकणातला पाऊस पत्र्याच्या डब्याचा वैरी. खोकी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवतो. आपल्या दुकानातही तसंच करा. ओल्या फरशीवर ठेवलेलं खोकं खालून मऊ पडतं आणि डब्याच्या शिवणीला गंज धरतो.

परत आलेला माल आम्ही पुन्हा थप्पीत ठेवत नाही. तो वेगळा ठेवून डबान्‌डबा पाहतो.

डबा फुगलेला किंवा गळका दिसला तर उघडू नका, चाखूही नका. त्यावरचा बॅच नंबर आम्हाला कळवा. त्या नंबरवरून तो कोणत्या दिवशी भरला आणि त्याच बॅचचे खोके आणखी कोणाकडे गेलेत हे आम्हाला वहीत लगेच सापडतं, आणि त्या सगळ्यांना त्याच दिवशी फोन जातो.

गणपती-दिवाळीसाठी लागणारा माल जुलैअखेर सांगून ठेवा. तेवढे खोके आपल्या नावाने बाजूला काढतो.